रिकाम्या गाडीचं वजन

अरुंधतीने पुढच्या सीटचा पट्टा तिसऱ्यांदा ओढून पाहिला. खट्‌ आवाज झाला, पट्टा नीट बसला, तरी तिने तो सोडला आणि परत लावला. गॅरेजवाला लहानू हात पुसत पुसत हे बघत होता.

"काकू, कोरा पट्टा आहे. तोडाले हत्ती लागन."

"हत्तीचं राहू दे गा. ब्रेक कसे आहेत ते सांग."

"मुंगी आडवी आली तरी थांबन गाडी."

तिचा नवरा गिरिधर तिकडे नव्या व्हॅनभोवती चकरा मारत होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कोराडीच्या वीज केंद्रातून बॉयलरवाला म्हणून निवृत्त झालेला, आणि चेहरा पाहावा तर नुकती सायकल मिळालेल्या पोराचा. मागे एक घडीचा पलंग, हातभर ओटा, पाण्याची छोटी टाकी, खिडकीला पडदे. झालं. पलंगावर मांडी घालून नात बसलीच होती. अस्मिता, लेक मयुराची मुलगी, नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी, आई बँकेत, म्हणून आजीआजोबांच्या गळ्यात. अर्थात गळ्यात पडलेली अशी गोड धोंड कोणाला नको असते?

याआधीची गाडी म्हणजे गाडी कसली, धर्मशाळाच होती. सतरा सीटांची ट्रॅव्हलर. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली, गिरिधरने स्वतःच्या हाताने आतून बांधलेली. उमरेडच्या विणकराचा मुलगा तो, हाताला कामाशिवाय चैन नाही. दोघे दीर, जावा, त्यांची पोरं, आपला अभिजीत आणि बापाकडूनच गाडी शिकलेली मयुरा, सगळे मिळून चौदा जण त्या गाडीत कोंबून महादेवाला पचमढीला जायचे, चिखलदऱ्याला जायचे. मग अभिजीत पुण्याला गेला, एक दीर वारला, दुसऱ्याचे गुडघे गेले. शेवटी शेवटी त्या एवढ्या मोठ्या गाडीत दोघंच. मागे रिकामी भांडी खडखडायची. मागच्या आठवड्यात बुटीबोरीच्या एका खानावळवाल्या भैयाजींनी ती नेली.

"आता आपल्याले हलकी गाडीच बरी," गिरिधर म्हणाला होता. सगळ्यांना पटलं. मयुरा तर आनंदाने टाळ्या पिटायची बाकी होती.

अरुंधतीला तेवढी धडकी भरली होती. हलकी गाडी म्हणजे हा बाबा अजून दहा वर्षं स्टेअरिंग सोडत नाही!

दिवाळीनंतरची गोष्ट. पचमढीहून परत येताना देवलापारच्या पुढे रस्ता सरळ, ऊन चांगलं, ती केळं सोलून त्याच्या हातात देत होती. त्याने हात पुढे केला नाही. गाडी हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. समोरून ट्रक. ट्रकने हॉर्न दिला तो असा की तिचे कान बधिर झाले. तिने ओरडून स्टेअरिंगला हात घातला तेव्हा कुठे तो हलला आणि गाडी डावीकडे घेतली.

"डुलकी लागली वाटते," तो म्हणाला.

डुलकीत माणसाचे डोळे मिटतात. याचे सताड उघडे होते. ते तिने पाहिलं होतं आणि ते ती कोणापाशीही बोलली नव्हती. सांगितलं असतं तर मुलांनी किल्ली काढून घेतली असती आणि गिरिधर चार महिन्यांत वाळून गेला असता. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणे, बीपी नॉर्मल आहे. मग तिनेच उपाय शोधला. गाडीत बसली की तोंड बंद करायचं नाही. भाव विचारायचे, पाट्या वाचायच्या, जुन्या भांडणांच्या खपल्या काढायच्या. त्याचं उत्तर यायला एका श्वासाचा उशीर झाला की तिचा हात आपोआप स्टेअरिंगकडे जायचा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. ती पाणीसुद्धा फुंकत होती.

आणि आता शनिवारी नवेगावला जायचं ठरलेलं. दोन दिवस, तळ्याकाठी. अस्मिताला घेऊन.

त्याआधी एक काम होतं. गाडीत पलंग, ओटा बसवला की वजन बदलतं, म्हणून आर.टी.ओ.च्या कागदांना रिकाम्या गाडीच्या वजनाची पावती जोडायची होती. लहानू म्हणाला, कळमन्याच्या बाजारापाशी धर्मकाटा आहे, तिथे अर्ध्या तासात होऊन जाईल. म्हणून तिघं निघाले.

"आज मिरचीचा बाजार आहे का हो?" गाडी सुरू होताच अरुंधतीने सुरुवात केली.

"असन."

"संत्री काय भावाने गेली असतील?"

"मले काय माहीत वं? मी का अडत्या आहो?"

उत्तर लगेच आलं. तिला जरा बरं वाटलं. पण ही गाडी फारच हलकी होती. शेजारून भरलेला ट्रक गेला की अंग चोरून थरथरायची. जुन्या गाडीत बसलं की निदान घरात बसल्यासारखं वाटायचं. इथे पायाखाली पत्रा आणि पत्र्याखाली रस्ता, एवढंच. मागून अस्मिता दोन सीटांच्या मधे येऊन उभी राहिली होती.

"मागे बस बरं तू. पलंगावर."

"मी इथेच असते आजी. आबाजींजवळ."

"बसू दे नं तिले," गिरिधर म्हणाला.

काट्यावर ही गर्दी. सोयाबीनचे, संत्र्याचे ट्रक रांगेत, हवेत मिरचीचा खकाणा, जो तो खोकतोय. अर्धा तास कसला, दीड तास गेला. एकदाची पाळी आली. काट्याचं लोखंडी ताट जमिनीपासून दीड हात उंच, त्यावर चढायला सिमेंटचा उतार. खोलीतून काटेवाल्याने माइकवरून हाळी दिली, "व्हॅनवाले काका, सवारी उतारा! खाली गाडी पाहिजे!"

अरुंधती कागद घेऊन उतरली. "अस्मिता, चल."

"गाडी वर चढली की उतरते."

दहा पावलांचा तर चढ. दहा पावलांत काय होणार आहे? तिने फार ताणलं नाही. काटेवाल्याची खिडकी पलीकडच्या बाजूला होती, म्हणून ती व्हॅनच्या मागून निघाली. तिच्या मागे संत्र्यांचा ट्रक, इंजिन चालू, बंपर तिच्या कमरेइतका उंच. व्हॅन चढाला लागली, पुढची चाकं ताटावर गेली आणि तिथेच थांबली.

मग ती मागे यायला लागली.

जोरात नाही. अगदी सावकाश, बैल मागे सरकतो तशी. अरुंधतीला वाटलं, आता थांबेल. थांबली नाही. तिने मागे पाहिलं तर ट्रकचा बंपर. बाजूला पळायचं डोक्यात आलं पण पाय उचलेनात. "अहो!" ती ओरडली. ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. व्हॅनचा मागचा दरवाजा तिच्या छातीपासून हातभर राहिला. तिने दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले, जणू काय ती गाडी थांबवणार होती.

कर्रकन आवाज झाला. व्हॅन जागच्या जागी थांबली.

 अरुंधती मधल्या फटीतून आडवी सरकत बाहेर आली आणि पदर सावरायचंही भान न राहता ड्रायव्हरच्या दाराकडे धावली.

गिरिधरचे हात स्टेअरिंगवर होते. डोळे उघडे, समोर लागलेले. ओठ किंचित हलत होते, काही चघळल्यासारखे. आणि दोन सीटांच्या मधे अस्मिता उभी होती, दोन्ही हातांनी हँडब्रेक धरून.

"चौदा, पंधरा, सोळा..." ती मोजत होती. आजीला पाहून तिने मान हलवली. "थांब आजी, हात नको लावू त्यांना. वीस-पंचवीसपर्यंत येतात ते परत. एकदा तीस झाले होते."

 अरुंधती दाराला धरून उभी राहिली.

"बावीस, तेवीस."

गिरिधरने श्वास घेतला. पापण्या लवल्या. "झालं का वजन?" त्याने विचारलं.

"तेवीस, आबाजी," अस्मिता म्हणाली. सवयीने म्हणाली, गृहपाठ दाखवावा तसं. मग तिने डोळ्यांनीच दाराकडे खूण केली. गिरिधरने मान वळवली आणि बायकोला पाहिलं.

मागे ट्रकवाला शिव्या देत होता. माइक ओरडत होता. शेवटी पोरीलाच राहवलं नाही.

"मोठ्या गाडीत पण व्हायचं. रविवारी आम्ही गाडी फिरवायला न्यायचो नं, तेव्हा. दोनदा झालं. तिचा ब्रेक मला ओढताच नव्हता येत, पाय लावून ओढला तरी नाही. म्हणून तर आबाजींनी ही घेतली. लहानूकाकांकडून ब्रेक दोनदा सैल करून घेतला. आता एका हातानेही येतो." मग आवाज खाली आला. "तुला सांगायचं नव्हतं. तू भितेस."

अरुंधतीला आधी वाटलं, ओरडावं. त्या माणसाला दंडाला धरून खाली ओढावं आणि सगळ्या बाजारासमोर विचारावं, अरे, काळीज आहे की दगड? पण तिच्या तोंडून निघालं ते अगदी हळू निघालं.

"ती नऊ वर्षांची आहे हो."

"कोराडीत एक पंप बंद पडला तर दुसरा सुरू होते," गिरिधर म्हणाला. तो तिच्याकडे पाहत नव्हता, मीटरकडे पाहत होता. "स्टँडबाय असल्याशिवाय आम्ही एक मशीन चालवली नाही, चौतीस वर्षं. मले वाटलं, तसंच..."

"मग मला काहून नाही सांगितलं? मी बसत होते नं बाजूला?"

"तुले सांगितलं असतं तर तू गाडी बंद केली असती."

"केली असती."

"मंग?"

 बंद तर तिनेही केली नव्हती. चार महिने ती हेच करत आली होती, फक्त ब्रेकऐवजी तोंडाने. पोरीला तिने आज स्वतःच्या हाताने या गाडीत बसवलं होतं.

"देवलापारला डुलकी नव्हती," ती म्हणाली. "मला तेव्हाच समजलं होतं."

गिरिधरने आता तिच्याकडे पाहिलं.  मग गाडी न्यूट्रलला टाकली, अस्मिताच्या बोटांवर आपला हात ठेवला आणि म्हणाला, "सोड बेटा आता. दुखले असतीन." पण तिने सोडला नाही. आबाजी खाली उतरून जमिनीवर नीट उभे राहीपर्यंत तिने ब्रेक धरून ठेवला.

अरुंधतीने फोन लावला. मयुराने उचलल्याबरोबर ती बोलली, थांबली असती तर बोलणं झालंच नसतं.

"रिक्षा कर आणि कळमन्याला ये. धर्मकाट्यावर. बाबांना आता गाडी चालवता येत नाही."

"काय झालं आई? ॲक्सिडेंट झाला का? अस्मिता कुठाय?"

"सगळे चांगले आहोत. तू ये. आल्यावर सांगते, सगळं सांगते. माझंही सांगते."

चार हमाल आले. रांग खोळंबली होती, त्यांना कोणाच्या घरगुती भानगडीशी काय देणंघेणं? अस्मिताला उचलून खाली ठेवलं, ब्रेक सोडला, आणि हेइशा म्हणत व्हॅन हातांनी ढकलत ताटावर चढवली. ट्रॅव्हलर असती तर वीस लागले असते. व्हॅन वर जाऊन उभी राहिली, दारं उघडी, आत कोणी नाही. पाटीवर लाल आकडे धावले आणि थांबले. अरुंधतीने ते वाचले नाहीत. तिने नातीचे हात धरले होते. तळव्यांवर ब्रेकच्या रबराचे वळ उठले होते, आणि पोर आता कुठे रडायला लागली होती, तोंडातून आवाज न काढता.

काटेवाल्याने पावतीचं बुक पुढे ओढलं. गाडीचा नंबर लिहिला, वजन लिहिलं.

"ड्रायव्हरचं नाव?"

गिरिधर खिडकीपाशी गेला. खिशातून चष्मा काढला, घातला, परत काढला.  हा प्रश्न त्याला चेकनाक्यांवर, घाटांत, मंदिरांच्या पार्किंगमध्ये हजार वेळा विचारला गेला असेल, आणि त्याचं उत्तर त्याने कधी विचार करून दिलं नव्हतं.

"काका, ड्रायव्हर कोण आहे? मांगं लाइन लागली."

"येऊन राहिली माही पोरगी," गिरिधर म्हणाला. "मयुरा. तिचं नाव लिहा."