वरून सांबार

चौऱ्याऐंशी साली साताऱ्याहून बदली होऊन मी चामोर्शीला आलो. देवळात बुवांचं कीर्तन ऐकलं, डोळे भरून आले, आणि त्या भरात मी त्यांना दुसऱ्या दिवशी जेवायलाच बोलावून बसलो. मला तर चहाखेरीज काही येत नव्हतं!

शेजारच्या वच्छलाबाईंनी मसाल्याचा डबा भरून दिला. "हळद, तिखट, मोहरी, जिरं, धने. शिकणाऱ्याले इतकं पुरते, भाऊ. फक्त वरणावर सांबार टाकजा, बुवा बोटं चाटतीन."

जंगलचा मुलूख! माझ्या डोळ्यांपुढे शिंगांचं सांबर उभं राहिलं.

"अहो, बुवा माळकरी आहेत!"

"मंग? माळकरी सांबार खात नाई का? माह्या वाडीत लय हाये. सकाळी ताजा कापून देईन."

दुसऱ्या दिवशी बुवा पाटावर बसताच मी दाराला कडी घातली. तरी बाहेरून हाक आलीच, "भाऊ, सांबार आणला!"

बुवा चिमूरचे, म्हणजे याच मुलखातले. "वा! उघडा न दार," ते म्हणाले, "त्याच्याबिगर वरणाले चव नाई."

पांडुरंगाचं नाव घेत मी कडी काढली. बाईंच्या हातात कोथिंबिरीची ओली जुडी होती.

"याला सांबार म्हणतात?"

"मंग तुमाले काय वाटलं?"

मी खरं ते सांगितलं. बुवा इतके हसले की घास हातातच राहिला. त्या संध्याकाळी बुवांच्या निरूपणात भ्रमाच्या दाखल्याला नेहमीचा दोरीला साप समजणारा माणूस आलाच नाही. कोथिंबिरीला शिंगं बघणारा आला. सगळ्यात मोठ्यानं वच्छलाबाई हसल्या. मी टाळ धरून मागे उभा होतो, आणि माझा ठेका चुकला.