सिर्गाची पहिली पावलं

सिर्गा दीड वर्षाची असताना चालायला लागली. माझी बायको बुर्माकान हातात बोरसोक घेऊन बसली होती, आणि तळलेल्या पिठाच्या त्या तुकड्यासाठी पोरगी भिंत सोडून तिच्याकडे आली. मी तिथेच उभा होतो. त्यानंतरच्या दोन वर्षांत सिर्गाने पहिलं पाऊल पुष्कळदा टाकलं. जर्मनांसाठी टाकलं, कोरियनांसाठी टाकलं, दूध पावडर देणाऱ्यांसाठी टाकलं आणि खिडक्या बसवून देणाऱ्यांसाठीही टाकलं.

आमच्यात मूल चालायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात. पोरं लांबून पळत येतात आणि पहिला पोहोचेल तो दोरी कापतो. मूल मोकळं होतं, सगळे टाळ्या वाजवतात, खायला बसतात. आयुष्यात हे एकदाच होतं. पण आमच्या बालगृहाच्या प्रमुख राखातच्या लक्षात आलं की पाहुण्यांना हा प्रकार फार आवडतो आणि तो बघून ते रडतात. रडलेला पाहुणा परत गेल्यावर आम्हाला विसरत नाही, असा तिचा अनुभव होता. सिर्गा अंगाने बारकी, वयापेक्षा लहान दिसणारी. म्हणून तिची निवड झाली.

बालगृह कोचकोर गावाच्या पुढे, डांबर संपतं तिथे. बुर्माकान तिथे स्वयंपाक करायची, मी बॉयलर आणि मोडेल ते बघायचो. मुलं चाळीसेक. पाहुण्यांना सांगताना सगळी अनाथ. खरं तर बहुतेकांचे आईबाप मॉस्कोत लोकांची अंगणं झाडत होते आणि सणाला फोन करायचे. फोन आला की ते पोर तेवढा वेळ अनाथ नसायचं.

मदत खोक्यांतून यायची. एका हिवाळ्यात पोहायचे चष्मे आले. आमच्या नदीत उतरलेल्या माणसाला काही बघायची संधी मिळत नाही, तो आधीच गारठून मरतो. बुर्माकानने ते चष्मे मोठ्या मुलींना कांदे चिरायला दिले. स्वतःही एक लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काय बघताय? जगात कुणीतरी आपल्या डोळ्यांची काळजी करतंय."

आम्हाला मूल झालं नाही. सिर्गाची आई तिला ठेवून गेली ती गेलीच, तिचा फोनही कधी आला नाही. पोरगी बुर्माकानला अम्मा म्हणत तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात वाढली. आम्ही दोघांनी तिला घरी न्यायचा अर्ज केला. निकाल लागायच्या आधी, फेब्रुवारीत, बुर्माकानला न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

दत्तक समितीतल्या बाईने मला चहा दिला आणि समजावून सांगितलं, "बायके, एकटा पुरुष म्हणजे कुटुंब नाही हो."

"मागच्या महिन्यात होतो."

"मागच्या महिन्यात होतात," ती म्हणाली. बायके म्हणजे थोरला भाऊ, तशी एजे म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे नकारही नात्याने देतात.

मे महिन्यात राखात बॉयलरच्या खोलीत आली. ती तिथे कधी येत नाही, बूट खराब होतात.

"बायके, मंगळवारी नॉर्वेहून जोडपं येतंय. मूल न्यायला. फोटो बघून त्यांनी सिर्गाला पसंत केलंय."

मी पान्हा खाली ठेवला. "कसला फोटो?"

"पहिल्या पावलाच्या आधीचा, दोरी बांधलेला. दोन वर्षं मूल होण्याची वाट बघतायत बिचारे. मोठं घर आहे. कुत्रा आहे. तिच्यासाठी वेगळी खोली रंगवलीय."

"आणि तिला विचारलं?"

"ती साडेतीन वर्षांची आहे."

"पाऊल टाकताना एक वर्षाची असते."

राखातने माझ्याकडे बघितलं. "टोमणे मारा, बायके. बुर्माकान एजे असती तर तिनेही मारले असते. पण दोरी बांधली असती. आता तुम्ही बांधा. दुसऱ्या कुणाच्या हाताला पोरगी लाथा मारते."

हे खरं होतं. बुर्माकानला हे नाटक आवडायचं नाही. पण दुसऱ्याने घट्ट बांधली तर पोरगी तोंडावर पडेल, म्हणून ती स्वतः बांधायची.

मंगळवारी ते आले. बाईचं नाव इंगुन, नवऱ्याचं टोर. माणसं वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. इंगुनने सगळ्या मुलांची नावं विचारली आणि म्हणून बघितली. टोर इतका उंच की दारातून येताना वाकला, तरी त्याला लागलंच, आणि त्याने दाराची माफी मागितली. राजधानी बिश्केकहून बेगिमाय नावाची विद्यार्थिनी दुभाषी म्हणून आली होती.

अंगणात गालिचा टाकला. राखातने त्यांना सांगितलं की या मुलीचे पाय फार अशक्त होते, पण तुमच्यासारख्यांच्या दूध पावडरीने ती मागच्या आठवड्यात उभी राहिली. बेगिमायने भाषांतर केलं. इंगुनने तोंडावर हात धरला. सिर्गा गालिच्यावर पाय पसरून बसली होती आणि कधी सुरू करताय अशा नजरेने सगळ्यांकडे बघत होती.

मी तिच्या पायाशी बसलो. जवानीत मी घोड्या राखल्या आहेत. घोडीचे पाय बांधायची आमची एक गाठ असते, बांधलेली पक्की दिसते, पण टोक ओढलं की सुटते. मी ती गाठ मारली आणि टोक सिर्गाच्या हाताजवळ ठेवलं. जाणूनबुजून ठेवलं. मला वाटलं, एकदा ही पोरगी पळताना दिसली की त्यांना कळेल. डोळे सगळ्यांनाच असतात.

अंगणाच्या टोकाला मुलं रांगेत उभी राहिली. टोर म्हणाला, मीही पळू का? राखात म्हणाली, जरूर. मग पाच-सहा वर्षांच्या पोरांबरोबर तो माणूस पळाला, आणि जिंकला. दोन्ही हात वर करून, एका हातात कात्री घेऊन आला. तोपर्यंत सिर्गाने टोक ओढून दोरी फेकून दिली होती आणि ती कोंबड्यांच्या मागे अंगणाच्या पलीकडे पोहोचली होती. कुंपणाला वळसा घातला, पाण्याच्या टाकीवर चढली, उतरली.

मग राखातने हात आकाशाकडे केले.

"चमत्कार!" ती ओरडली. "तुमच्या पायगुणाने!"

बेगिमायने हेही भाषांतर केलं. इंगुन रडायला लागली. टोर कात्री घेऊनच तिच्या गळ्यात पडला. नॉर्वेमध्ये मुलं किती दिवसांत पळतात मला माहीत नाही, पण आठवडाभरात टाकीवर चढणाऱ्या मुलीचं त्या दोघांना काही नवल वाटलं नाही. आपल्या दूध पावडरीवर त्यांचा एवढा विश्वास.

मी स्वतःला मनात दोन शिव्या दिल्या. आता ती त्यांना जास्तच हवी झाली होती.

टोरने डोळे पुसले आणि बेगिमायला काहीतरी विचारलं. त्याचा फोन बायकोकडे राहिला होता, ती रडत होती, व्हिडिओ झालाच नव्हता. पुन्हा करता येईल का?

"का नाही?" राखात म्हणाली. "सिर्गा! ये बाळा."

सिर्गा आली. न सांगता गालिच्यावर बसली, पाय पुढे केले, दोरी स्वतः उचलून माझ्या हातात दिली. मग तिने इंगुनकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि तिच्या झग्याला धरून तिला खाली बसवलं.

"तू इथं बस. आत्ता नाही रडायचं. आधी दोरी, मग कात्री, मग टाळ्या. रडायचं कापल्यावर. मग मला चॉकलेट द्यायचं."

बेगिमाय फस्सकन हसली. तोंड दाबलं तोवर उशीर झाला होता.

"काय म्हणाली ती?" इंगुनने विचारलं. एवढं तिच्या चेहऱ्यावरून मलाही कळलं.

राखातने बेगिमायकडे असं बघितलं की माझा बॉयलर पेटला असता. पण बेगिमाय शिकलेली, त्यात तरुण. तिने शब्दाला शब्द सांगितलं, चॉकलेटसकट.

दोरी माझ्या हातात होती म्हणून इंगुनने मला विचारलं, "हे असं कितीदा झालंय?"

"पाहुणे आले तितक्यांदा," मी म्हणालो.

"तुम्ही तिचे कोण?"

"ती माझ्या बायकोची आहे," मी म्हणालो. "बायको फेब्रुवारीत गेली."

बेगिमायने हे हळू आवाजात सांगितलं.

नंतर ते दोघं गाडीजवळ उभे राहून बोलत होते. टोर चिडला होता. बेगिमायने मला नंतर सांगितलं की तो म्हणत होता, आम्ही गरज असलेल्या मुलासाठी एवढे लांब आलो आणि ही तर ठणठणीत आहे. गाडीत बसण्याआधी इंगुन परत आली, सिर्गासमोर खाली बसली आणि तिला चॉकलेट दिलं. रडली मात्र नाही. सिर्गाला चॉकलेट आधीच मिळालं ते बरोबर वाटलं नसावं, कारण कापणं झालं नव्हतं.

गाडी गेल्यावर राखात गालिच्यावरच बसली. मी तिला अशी बसलेली कधी बघितली नव्हती.

"गाठ तुम्हीच मारलीत ना?"

"हो."

"छान. त्यांची संस्था नवा बॉयलर देणार होती. तुमच्या खरेपणावर कोळसा येतो का, बायके? तसं असेल तर आत्ताच सांगा, मी चाळीस पोरांना तो पेटवून शेकायला बसवते."

ती चुकत नव्हती. जुना बॉयलर कसा चालतो ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

"आणि हिला आता कुणाला दाखवू?" तिने सिर्गाकडे बोट केलं. "उद्यापर्यंत सगळ्या संस्थांना कळेल. घेऊन जा तुमची ही नटी."

"एकटा पुरुष कुटुंब नाही म्हणे."

"ते मी बघते," राखात उठत म्हणाली. "मी पोरीला पांगळी करते, तर तुम्हाला कुटुंब करायला किती वेळ लागतोय?"

पुढच्या आठवड्यात समितीसमोर तिने माझी इतकी स्तुती केली की मी मागे वळून बघितलं, आणखी कुणी उभं आहे का म्हणून. मी प्रेमळ होतो, निर्व्यसनी होतो, माझ्या घराला ऊन लागत होतं. समितीतल्या बाईने शिक्का मारला. योग्य कुटुंब मिळेपर्यंत, तात्पुरता ताबा. मी विचारलं, योग्य कुटुंब कधी मिळेल? ती म्हणाली, "बायके, आता शोधणार कोण?"

सिर्गा घरी आली ती दुपार होती. मी नूडल्सचा रस्सा केला. बुर्माकान करायची तसा झाला नाही, नूडल्सचा गोळा झाला. सिर्गा ताटासमोर बसली पण खाईना. सारखी दाराकडे बघत होती.

"काय झालं?"

"पाहुणे कधी येणार?"

"येणार नाहीत."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. जेवायचं."

तिला ते पटलं नाही. एवढ्या जेवणाच्या बदल्यात काहीच करायचं नाही, हे तिने आजवर ऐकलं नव्हतं. शेवटी तिने चमचा उचलला, एक घास खाल्ला, तोंड वेडंवाकडं केलं.

"अम्मा असा नाही करायची," ती म्हणाली.

"नाही करायची," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं तो गोळा संपवायला बसलो.