चिठ्ठीशिवाय मिळणारी ट्यूब

मी बोलतेय, कीटकदंशावरच्या मलमाची ट्यूब. माफी मागायला बोलत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्यावर आरोप झाला आहे, आणि आरोप झालेल्याने तोंड उघडलं नाही की लोक आरोप खरा धरतात.

माझा जन्म कारखान्यातला. आधी पाठीवर बारीक अक्षरांत पुष्कळसं काही छापलं, मग पोटात मलम भरलं आणि शेवटी शेपूट दाबून बंद केलं. पाठीवरचं कोणी वाचेल अशी छापणाऱ्याचीही अपेक्षा नसावी. तिथून औषधाच्या दुकानात आले. दुकानातही उच्चनीच असतेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं काचेच्या कपाटात. आम्ही चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, गल्ल्याशेजारच्या टोपलीत, खोकल्याच्या गोळ्या आणि कंगव्यांच्या पंगतीला.

मला एका टेलिफोनच्या लाइनमनने उचललं. खांबांवर तारांचे डबे असतात आणि त्यांतल्या बऱ्याच डब्यांत गांधीलमाश्या फुकट बिऱ्हाड करून राहतात. डबा उघडला की घरमालक कोण यावरून वाद होतो आणि दर वेळी लाइनमन हरतो. खाली शिडी धरायला त्याचा सख्खा मेहुणा. ही जोडी खात्याने लावली होती की बायकोने, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मेहुणा त्याला दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणते. मात्र अरेतुरे करते. माणसाच्या खिशात राहिल्यावर अहोजाहो टिकत नाही.

दाजी महाचिकट. मोहरीएवढं मलम काढायचा आणि एका डंखावरचं पुसून दुसऱ्यापर्यंत ओढत न्यायचा. मग माझं तोंड रुमालाने टिपायचं, झाकण घट्ट फिरवायचं, शेपटीला एक वळसा द्यायचा आणि वरच्या खिशात ठेवायचं. शिडीवर एका हाताने खांब धरून दातांनी झाकण लावणारा माणूस मी पाहिला आहे. मेहुणा खालून म्हणायचा, "दाजी, ताईचे दागिनेही तुम्ही इतके जपत नाही."

"दागिने खाजत नाहीत," दाजी म्हणायचा.

खात्यातले बाकीचे लोक मर्द होते. मलम लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. कोणी टूथपेस्ट थापे, कोणी डब्यातला कांदा चोळे, कोणी नखाने नांगी उकरत बसे. गांधीलमाशी नांगी मागे ठेवत नाही, आपली आपल्याबरोबर घेऊन जाते. पण उकरण्यातही एक पुरुषार्थ असतो. जेवणाच्या सुट्टीत हेच मर्द एकेक करून दाजीला कोपऱ्यात गाठत आणि "ते तुमचं जरा आहे का" म्हणून हात पुढे करत.

खाज कमी करायची, आग शमवायची, थोडी सूज उतरवायची, एवढंच माझं काम. यापुढचं मी कधीच कबूल केलेलं नाही. पण दाजीचा विश्वास वाढत गेला. एकदा डंख मनगटावर होता आणि गांधी मात्र अंगभर उठल्या, तेव्हाही डॉक्टरकडे जायचं सोडून तो मलाच सगळीकडे फिरवत बसला.

मग ती सकाळ आली. खांबावर दाजीला मानेवर डंख झाला. तो खाली उतरून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्याने मला दाबलं ते थेट पोटात, मधोमध. अर्धी अधिक मी त्याच्या मानेवर गेले. त्याची बोटं फुगली होती. बोटांखाली काय चाललंय ते मला कळत होतं आणि ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. त्याने मला पायरीवर टाकलं, पकड उचलली आणि जड आवाजात सांगितलं, की मलम लावलंय, आता उतरेल, वर जाऊन येतो.

मेहुणा शिडीकडे वळला होता. वळता वळता त्याला मी दिसले.

"दाजी, हिचं झाकण?"

"राहू दे."

मेहुणा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाजीच्या तोंडाकडे. ओठ सुजले होते.

"दाजी, तुम्ही राहू दे म्हणालात. गाडीत बसा."

दाजीने वाद घातला, पण दर शब्दाला श्वास अडत होता. इतकी वर्षं शिडीच धरत आलेल्या माणसाने त्या दिवशी दाजीचं बखोट धरलं आणि त्याला गाडीत कोंबलं. दुसऱ्या मुठीत मी होते, तशीच उघडी. उरलेल्यातलं निम्मं मलम गाडीच्या स्टीअरिंगला लागलं.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, नाकातोंडावर प्राणवायू लावला. दाजी वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर चालला नसता. ताई धावत आली, नवऱ्याला पाहिलं, मग मला पाहिलं. "या बाईच्या भरवशावर माझा माणूस चालला होता," ती म्हणाली आणि मला कचऱ्याच्या डब्यात भिरकावलं.

हाच तो आरोप. भरवसा मी मागितला नव्हता. मोहरीएवढं मागून डोंगराएवढं माझ्या गळ्यात बांधलं ते तुम्ही. मेहुण्याने मला डब्यातून काढलं, पाठ डोळ्यांपासून लांब धरली आणि बहिणीला वाचून दाखवलं: ओठ सुजल्यास, श्वास लागल्यास ताबडतोब डॉक्टर गाठा. तो माझा पहिला वाचक.

"सांगितलं होतं गं तिने," तो म्हणाला. "ऐकलं आपण नाही."

आता मी पुन्हा वरच्या खिशात आहे, गळ्यापर्यंत गुंडाळलेली. शेजारी मांडीत टोचायची पेनासारखी सुई असते. ती चिठ्ठीवरची आहे, त्यामुळे माझ्याशी बोलत नाही. माझं झाकण त्या पायरीवरच राहिलं. सध्याचं टूथपेस्टचं आहे, थोडं सैल, पण दाजी रोज आवळतो.

टोपलीत राहूनही मी मान खाली घालणार नाही. खाजेला मला बोलवा, मी येईन आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेईन. पण सूज ओठांवर आली, घसा आवळायला लागला, तर मला आहे तिथे टाका आणि पळा.

झाकण लावायला थांबू नका.