बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. रडगाणे गाणार नाही. पण माझी गोष्ट सांगायची तर मालकाविषयी बोलावेच लागेल, आणि त्या माणसाची आठवण आली की आजही मला किळस येते.

लोहाराने मला घडवले तेव्हा तो म्हणाला होता, "हिच्या भरवशावर घरातली माणसं निर्धास्त झोपतील." आम्हा कड्यांना हेच ऐकायला आवडते. आम्ही दाराच्या आतल्या बाजूला बसतो आणि घरातल्या माणसांचे ऐकतो. माझेही तसेच होणार, असे मी धरून चालले होते.

मला विकत घेतले ते चादरी धुण्याच्या एका कारखान्याच्या मालकाने. भट्टीमागे एक खोली होती. तिच्या दाराला सुताराने मला आतून धरले, तसा मालक खेकसला, "अरे, बाहेरून लाव!"

"आत माणसं राहणार ना?" सुताराने विचारले.

"म्हणून तर!"

सुताराने मुकाट्याने मला बाहेरून बसवले आणि हत्यारे आवरून तो निघून गेला. त्याचाही मला राग आहे.

त्या खोलीत दोन बहिणी राहायला आल्या. एकीला सगळे थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. चांगल्या नोकरीचे गाजर दाखवून मालकाने त्यांना लांबून आणले होते आणि आल्या आल्या त्यांची ओळखपत्रे 'जपून ठेवतो' म्हणत काढून घेतली होती. दिवसभर इस्त्री करायची, मग खोलीत जायचे, आणि मग माझ्यावर मालकाचा हात पडायचा. काय सांगू त्या हाताबद्दल! मऊ, ओलसर, अत्तराचा वास मारणारा. मला सरकवताना तो लाडात येऊन म्हणे, "झोपा हं पोरींनो, मी तुम्हाला बापासारखा." गंज परवडला, पण तो हात नको, असे मला होऊन जाई. तो मात्र मला न चुकता तेल देई आणि कडी किती छान सरकते म्हणून मित्रांपाशी माझे कौतुक करी. जळो मेले ते कौतुक!

एकदा वाफेच्या इस्त्रीने धाकटीचा हात कोपरापर्यंत पोळला. थोरली आतून दारावर थापा मारत होती, "मालक, तिला डॉक्टरकडे न्या हो! हात जाईल तिचा!" मालक माझ्यापासून हाकेच्या अंतरावर चहा पीत बसला होता. "पाणी लाव, होईल बरं," असे म्हणून त्याने बिस्कीट चहात बुडवले. धाकटीची जखम चिघळत गेली आणि तरीही तिला इस्त्रीपुढे उभे केले गेले.

चादरी न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरने तो हात पाहिला आणि पोलिसांना कळवले. एक फौजदारबाई आल्या. ते दार बाहेर उघडून भिंतीला टेकत असे. मी भिंतीकडे तोंड करून दडपलेली होते, त्यामुळे त्यांना दिसले नाही. "तुमची काही तक्रार आहे?" त्यांनी बहिणींना विचारले. मालक शेजारीच हसत उभा होता. कागद नसले की पोलीस तुम्हालाच आत टाकतील, असे त्याने दोघींच्या मनात भरवून दिले होते. थोरलीने मान खाली घातली. "नाही बाई," ती म्हणाली.

तिची ती खाली गेलेली मान बाईंना खटकली असावी. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, बरोबर एक शिपाई होता. या वेळी त्यांनी बहिणींना काहीच विचारले नाही. त्यांनी भिंतीला टेकलेले दार ओढले आणि मी उजेडात आले.

"ही बाहेरून कशाला?"

"चोरांच्या भीतीनं हो. बायकामाणसं एकटी राहतात."

"मग आतून लावायची कडी असेलच. दाखवा बरं."

मालक तोऱ्यात आत शिरला आणि दारावर हात फिरवू लागला. तिथे काय सापडणार, कपाळ! बाईंनी दार नुसते लोटले. मला बोटही लावले नाही. तर हा आतून गळा काढून ओरडला, "अहो, कडी लावू नका! आतून उघडत नाही ते!"

"एवढंच ऐकायचं होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडले.

मग त्या थोरलीजवळ बसल्या. "काल तुला त्याच्यासमोर विचारलं, ते चुकलंच माझं. ऐक, माणसाला कोंडणं हा गुन्हा आहे. फसवून आणून जबरदस्तीनं राबवणं, ओळखपत्रं दाबून ठेवणं, हेही गुन्हेच. त्यासाठी मला तुझ्या तक्रारीची वाट बघावी लागत नाही. आणि कायदा कोंडणाऱ्याला पकडतो गं, कोंडलेलीला नाही."

मालक तेव्हाही म्हणत होता, "लेकीसारखं सांभाळलं मी यांना!"

थोरली ताडकन उठली. "लेकींना बाहेरून कडी लावतोस होय रे?" त्याला अरे-तुरे करताना मी तिला पहिल्यांदाच ऐकले आणि मला फार बरे वाटले.

धाकटीला तडक दवाखान्यात नेले. तिचा हात वाचला. मला दारावरून काढून, पाकिटात बंद करून पुरावा म्हणून कोर्टात ठेवले. तिथे न्यायाधीशांनी धाकटीला विचारले, "ही कडी ओळखता का?"

"नाही साहेब. मी हिला कधी पाहिलंच नाही. वाजवून दाखवता?"

कोर्टाच्या शिपायाने मला पाकिटातून काढून सरकवले. खट्ट! धाकटीने थोरलीचा हात गच्च धरला.

"हीच," ती म्हणाली.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. आत माणसे असताना खोलीला बाहेरून कडी घातलेली दिसली, तर आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. घरच्या मोठ्यांना सांगा, पोलिसांना कळवायला लावा. आत कोणीतरी आमचा आवाज ऐकत बसलेले असते.