एक टकटक म्हणजे हो

मार्गशीर्षातल्या गुरुवारी ताराबाई पहाटे उठल्यापासून दुपारी पोथी वाचून होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत. अकरा वर्षांचा नेम होता. अकोल्याच्या त्या गल्लीत दूधवाल्यापासून सगळ्यांना तो ठाऊक, आणि घरच्यांनी त्यावर तोडही काढलेली. वकीलसाहेब, म्हणजे त्यांचे यजमान रविकांतराव, बाहेरगावाहून फोन करत, ताराबाई उचलत आणि फोनच्या पाठीवर नखाने वाजवत. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

त्या गुरुवारी पावणेअकराला नागपूरहून फोन आला, तेव्हा समोरच्या खुर्चीवर ललिता बसली होती. ब्लाउज-परकर शिवून पोट भरणारी पन्नाशीची बाई. तिच्याच घराची आज हायकोर्टात सुनावणी होती. रस्ता रुंद करायला निघालेले सरकारी लोक म्हणत, घर रस्त्यात येतं. ललिता म्हणे, घर रस्त्यापासून बारा फूट आत आहे. सकाळीच तिच्या दारात पिवळं मशीन येऊन उभं राहिलं होतं. घर पाडायला आलेल्या पथकाच्या साहेबाने बारापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, त्यापुढे मिनिटभरही नाही. सुनेला, वर्षालीला, उंबऱ्यात बसवून ललिता वकिलाच्या घरी आली होती.

ताराबाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, ऐक. पेनड्राइव्ह उघडत नाही. छापील कागदांत नेमकं मोजणीच्या नकाशाचं पान राहिलंय. मूळ नकाशा खालच्या कोर्टात जमा. आता तो फक्त आपल्या कॉम्प्युटरवर आहे, ललिताबाईंच्या नावाच्या फोल्डरमध्ये. तेवढं एक पान गजेंद्रला मेल कर. तो बाहेर उभा आहे, छापून आत देईल. आमचा नंबर एकतीसवा, आत्ता बारावा चाललाय." मग श्वास घेऊन ते म्हणाले, "कॉम्प्युटर चालू आहे ना?"

ताराबाईंनी टेबलाकडे पाहिलं. काल बुधवारी, आज लक्ष्मी मांडायची म्हणून, त्यांनी सगळी खोली झाडून पुसून घेतली होती. कॉम्प्युटरच्या डब्यामागे कोळ्याने घर केलं होतं. साहेबांची सक्त ताकीद होती की मागच्या वायरींना हात लावायचा नाही. त्यांनी लावला. सहाच्या सहा वायरी उपटल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, गाठोडं करून ठेवल्या. साहेब उद्या येणार, तोवर कुणाला तरी बोलावून लावून घेऊ, असा हिशेब होता.

फोनवर साहेब वाट पाहत होते. ताराबाईंचं बोट उचललं गेलं. एकदाच वाजलं.

"छान. मी आत जातो, फोन बंद ठेवतो." आणि फोन बंद झाला.

ललिता उठून टेबलाशी आली. गाठोडं पाहिलं, ताराबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"वहिनी, ह्ये तं सारं खोलून पडलं हाय. तुमी हो कायले सांगतलं?"

ताराबाईंनी गाठोडं सोडायला घेतलं. गेल्या वर्षी साहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्यांनीच मेल पाठवले होते. पण कॉम्प्युटर त्यांनी पाहिला होता तो पुढून. मागची बाजू म्हणजे नुसती भोकं. उभी, आडवी, गोल, चपटी. कोणती वायर कुठली होती ते पुसताना ध्यानातच ठेवलं नव्हतं.

डब्याच्या अंगावर एक चिकटपट्टी होती. प्रियदर्शनी, आणि खाली नंबर. ही मूर्तिजापूरची मुलगी. हा कॉम्प्युटर तिनेच जोडून दिला होता, आता अमरावतीला तिचं दुकान होतं. ताराबाईंनी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून ललिताच्या हातात दिला.

"हॅलो, पोरी, मी अकोल्याहून बोलून राहिली, वकीलसाहेबाच्या घरून. वहिनी हायेत पन त्यायचं मौन हाय. कम्पुटरच्या वायरी निंघाल्या. आमाले घंट्याभरात चालू पायजे, नाई तं माहं घर जाते."

 प्रियदर्शनीचा आवाज आला, "व्हिडिओ कॉल करा ना, मावशी."

"दोघींजवळ बटनाचेच फोन हायेत."

"मग सांगीन तसं करा. घाई नका करू. डबा फिरवून त्याची पाठ आपल्याकडे घ्या. सगळ्यात वर, कोपऱ्यात, तीन पात्यांचं घर दिसते? त्यात जाड काळी वायर. बाजूला बारीक बटन आहे, ते दाबा."

ताराबाईंनी जाड वायर घातली, बटन दाबलं. मग पुढचं मोठं बटन. आत पंखा घरघरला. ललिताने हात जोडले.

"आता पडद्याची वायर. निळं तोंड, दोन्ही बाजूनं स्क्रू, आत तीन रांगांत सुया. सुया नाजूक असतात. घर सुपासारखं, एकीकडून रुंद, दुसरीकडून अरुंद. तोंड पाहून घाला. जोर लावला तर सुई वाकते, मग देवही सरळ करत नाही."

ताराबाईंना निळं घर सापडलं. डब्याच्या वरच्या भागात, उभं. तोंड जुळवून त्यांनी वायर हलकेच बसवली. अगदी बरोबर बसली. पडदा मात्र काळाच. मधोमध एक छोटी चौकट इकडून तिकडे तरंगत राहिली.

फोनवर मधेच टूं-टूं झालं. गजेंद्र होता, साहेबांचा मदतनीस. "काकू, एकोणीसवा चालू झाला. मेल आला नाही अजून?"

ललिताने त्याला "येऊन राहिला, येऊन राहिला" म्हणून कटवलं आणि परत प्रियदर्शनीला धरलं. "पोरी, पडदा काळाच हाय!"

"वायर वरच्या घरात लावली का खालच्या?"

"वरच्या. उभ्या घरात."

"तिथं माझी काळी टेप आहे ना? दोन वर्षांमागं वीज पडली होती तेव्हा ते वरचं घर जळालं. म्हणून मी खाली नवीन कार्ड टाकलं आणि वरच्यावर टेप मारून ठेवली, कोणी चुकून लावू नये म्हणून. टेप पाहा."

ललिताने वाकून डोळे बारीक केले. "टेप-बिप काई नाई वो. उघडं घर हाय."

"नाही? मग कोणी डबा बदलला असंल. टेप नसली म्हणजे माझं काम नाही ते. मावशी, मग मी काय सांगू? दुसरं काही सांगितलं अन् जळलं तर..." तिचा आवाज उतरला. "तुम्ही तिथलाच कोणी माणूस बोलवा. मी फोन ठेवते."

 काल त्या काळ्या टेपची कड उकलली होती, धूळ चिकटून ती मळकट झाली होती. कसली घाण म्हणून त्यांनीच ती ओरबाडून काढली होती, खाली राहिलेला चिकटा रॉकेलने पुसून घर लख्ख केलं होतं. हे या खोलीत त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ललिताच्या दंडाला धरलं, वरच्या घराकडे बोट दाखवलं, ओरबाडण्याची खूण केली. ललिताला ती कळेना.

"काय? खाजून राहिलं काय?"

भिंतीवर सव्वाअकरा. कागद-पेन्सिल शोधून लिहावं, तर ललिता अक्षर लावत वाचणारी. तोवर पोरगी फोन ठेवून मोकळी. आणि नेम? नेम काय उरला होता? सकाळी बोटाने खोटं बोलून झालं होतं. देवापुढे जीभ तेवढी गप्प होती.

"ठेवू नकोस, बाई!" ताराबाई म्हणाल्या. आवाज घोगरा निघाला. ललिताच्या हातून फोन पडता पडता वाचला. "टेप मी काढली. काल. घाण समजून पुसून टाकली. डबा तुझाच आहे."

"काकू? अहो, मग अगोदर बोलायचं नं!" प्रियदर्शनी जवळजवळ ओरडली. "बटन बंद करा आधी. बरं, खालच्या भागात आडव्या पट्ट्या आहेत. त्यातल्या एकीवर तसंच निळं घर, पण आडवं. त्यात लावा."

ताराबाईंनी वायर काढली, तोंड आडवं केलं, लावली. स्क्रू फिरवले. बटन दाबलं. पडद्यावर आधी राखाडी, मग निळा उजेड आला. ललिता मटकन खुर्चीत बसली. तिने पदराने तोंड पुसलं, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे तुमच्या साफसफाईपाई माह्या घराचा जीव टांगला होता."

"हो," ताराबाई म्हणाल्या. 

कीबोर्ड आणि माऊस कोणत्याही चपट्या घरात चालतात, प्रियदर्शनीने सांगितलं. ते लागले. ललिताच्या नावाचं फोल्डर उघडलं, नकाशा दिसला, मेल लिहून झाला. पण जाईना. इंटरनेट नाही.

"इंटरनेटची वायर, काकू. काचेसारखं तोंड, वरून एक जिभली. टेलिफोनच्या वायरीची थोरली बहीण समजा. घरात घातली की खट् वाजते. वाजलं नाही म्हणजे लागली नाही."

ताराबाईंनी घातली. वाजलं नाही. पुन्हा घातली. काहीतरी आडवं येत होतं.

गजेंद्रचा फोन. "काकू, सव्वीसवा. पुढच्या तिघांचे वकील हजर नाहीत, भराभर चाललंय!"

ताराबाईंनी डोळा घराला लावला. आत, सोनेरी तारांच्या रांगेशी, पांढरं काहीतरी रुतून बसलं होतं. रोज सकाळी साहेबांच्या टेबलाला, कायद्याच्या पुस्तकांना आणि या डब्याला हळदकुंकू लावून अक्षता टाकायच्या, हाही त्यांचा नेम. आज वायर निघालेली आणि घर उघडं.

"तांदूळ आहे आत," त्या म्हणाल्या.

"तांदूळ?"

"अक्षता. माझ्याच हातच्या."

अमरावतीकडून एक हुंकार आला, हसण्यासारखा. "सुई, पिन, लोखंडाचं काही घालू नका. तारा वाकतील. लाकडाची काडी पाहा."

ताराबाई देवघरात गेल्या. उदबत्तीच्या पुड्यातून एक काडी घेतली, खालचं बांबूचं टोक तेवढं मोडून आणलं. ललिताने खिडकीतलं ऊन घरावर पडेल असा डबा धरला. पहिल्यांदा दाणा आणखी आत सरकला. ताराबाईंनी डोळे मिटले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही, नुसती काडी तिरपी केली आणि दाणा बाजूने हळूच उकरला. दाणा टेबलावर पडला. वायर घातली. खट्. घराशेजारी हिरवा दिवा लुकलुकला.

मेल गेला. अकरा एकेचाळीस.

मग वाट पाहणं. ललिता खिडकी आणि फोन यांच्यामध्ये फेऱ्या घालत होती. अकरा त्रेपन्नला वर्षालीचा फोन आला. पथकाचा साहेब घड्याळ दाखवून राहिला म्हणाली. अकरा सत्तावन्नला रविकांतराव.

"मिळाली! पुढच्या तारखेपर्यंत पाडकामाला स्थगिती. नकाशा पाहिल्यावर पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कॉम्प्युटर चालू होता म्हणून निभावलं गं."

"चालू नव्हता," ताराबाई म्हणाल्या. "मी खोटं वाजवलं. वायरी काढल्या होत्या मीच."



"तू... बोलतेयस?"

"रागवा मागाहून. त्या पथकाला दाखवायला आधी काहीतरी कागद पाठवा. नुसतं तोंडी सांगणं ते ऐकायचे नाहीत."

"वकीलपत्र जोडून सहीचं पत्र मेलवर पाठवतो. आत्ता लगेच." आणि फोन बंद झाला.

पत्र यायच्या आतच वर्षालीचा पुन्हा फोन. आवाज फाटलेला. "आई, मशीन चालू केली! ओट्याले लागून राहिली!"

ललिता दाराकडे धावली. "थांब," ताराबाई म्हणाल्या, आणि वायरींच्या गाठोड्यातली उरलेली एक वायर उचलली. एक टोक चपटं, दुसरं चौकोनी, वरचे दोन कोपरे कापलेलं. प्रियदर्शनीचा फोन केव्हाच बंद झाला होता. ताराबाईंनी वायर दोनदा उलटसुलट पाहिली. चपटं टोक कीबोर्डाशेजारच्या घरात, चौकोनी प्रिंटरच्या पाठीत. तोवर मेलवर पत्र आलं होतं; छापायला सांगताच प्रिंटर खरखरला, कागद ओढला. पत्र अर्धं बाहेर आलं होतं तेव्हा ललिता त्याला ओढू पाहत होती. ताराबाईंनी तिचा हात धरून ठेवला. ओढलं की फाटतं.

कागद हातात आला आणि दोघी ऑटोत बसल्या. देवघरात मांडलेली लक्ष्मी, आपला उपास, दाराला कडी लावली की नाही, ताराबाईंना काही आठवलं नाही.

ललिताच्या दारात ओट्याचा एक कोपरा विटांचा ढीग झाला होता. न्हाणीची भिंत तिरपी उभी होती. वर्षाली ओट्यावरच बसली होती आणि तिच्या पायापासून हातभरावर मशीनचा दात होता. पथकाच्या साहेबाने कागद घेतला नाही. "कुणाचं पत्र? आम्हाला काही कळवलं नाही वरून. बाई, बाजूला व्हा."

"उच्च न्यायालय, नागपूर खंडपीठ," ताराबाई वाचू लागल्या. जन्मात त्यांनी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. मशीनच्या घरघरीत तो कुणाला ऐकू गेला नाही.

"काय म्हणून राहिल्या त्या?" मशीनवरचा माणूस वाकून ओरडला. "ऐकू नाई येत, मोठ्यानं वाचा!"

"मग बंद कर की ते!" ललिता ओरडली.

त्याने साहेबाकडे पाहिलं. साहेब कागदाकडे पाहत होता, तळाच्या सहीकडे, वरच्या तारखेकडे. मग मशीनवाल्याने किल्ली फिरवली, आणि ताराबाईंनी पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.