कपाटावरून येणारा आवाज

नाटक कंपनीतले सगळे तिला टाचणीताई म्हणत. नटांचे कपडे अंगावर बेतताना तिच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या असेपर्यंत ती चकार शब्द काढत नसे. एरवी मात्र तिच्या तोंडाला खळ नव्हता. घरी तिचं सगळं ऐकून घेणारा एकच होता, चौदा वर्षांचा कुत्रा. तरुणपणी दारात येणाऱ्या प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायचा, म्हणून त्याचं नाव फौजदार. आता त्याचे दोन्ही डोळे गेले होते आणि तो तिच्या आवाजामागून घरभर फिरायचा.

सहा दिवसांचा दौरा ठरला तेव्हा तिला फौजदाराचीच काळजी लागली. भाचीने दोन यंत्रं आणून दिली. एक ठरल्या वेळी वाडग्यात खाणं ओतणारं, ते स्वयंपाकघरात बसवलं. दुसरा कॅमेरा. फोनवरून त्यातून बघताही येई आणि बोलताही येई. खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळ-संध्याकाळ फौजदाराला फिरवून आणणार होत्या. सगळी खोली दिसावी म्हणून टाचणीताईने कॅमेरा कपाटाच्या माथ्यावर ठेवला. आयुष्यभर मापं घेणाऱ्या बाईचं माप नेमकं तिथे चुकलं.

पहिल्याच दुपारी तिने फोनवरून हाक मारली, "फौजदारा, जेवलास का रे राजा?" तो धडपडत उठला, आवाजाच्या दिशेने आला आणि कपाटावर डोकं आपटून थांबला. मग नाक वर करून शेपूट हलवत राहिला. टाचणीताईला केवढं बरं वाटलं. ती दहा मिनिटं बोलली. मग जरा मोकळीक मिळाली की बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"अगं, हा फिरून आला की परत कपाटापाशी जाऊन बसतो. कालपासून अन्नाला शिवला नाही. वाडगं पुढ्यात ठेवलं तर मान फिरवली. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या वयात फार उपास झेपायचा नाही."

"थांबा काकू, मी समजावते त्याला."

"नको बाई. तुझ्या समजावण्यानेच झालंय हे. आवाज येतो आणि तू येत नाहीस. त्याने करायचं काय?"

टाचणीताईला सकाळचा फौजदार आठवला. वर चढायची धडपड करत तो कपाटाचं दार नखांनी ओरबाडत होता. ते तिने फोनवर पाहिलं होतं आणि ती लाडाने हसली होती. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी तिने फोन उघडला. फौजदार कपाटापाशी बसला होता, कान टवकारून. हाक अगदी ओठांवर आली. तिने डबीतून पाच टाचण्या काढल्या आणि ओठांत घट्ट धरल्या. एक नट तुटलेलं बटण घेऊन आला, त्याला तिने हातानेच थांबवलं. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरात खाणं खळखळत पडलं. फौजदाराने एकदा वर नाक केलं, वाट पाहिली, आणि मग भिंतीला अंग घासत हळूहळू चित्राबाहेर गेला. थोड्या वेळाने कुडूम कुडूम आवाज आला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तिने तोंड उघडलं नाही. पुढचे दिवसही तिने असेच काढले.

परतल्यावर मात्र दार उघडताच ती सगळं विसरली. "फौजदारा!"

तो तिच्यापासून दोन पावलांवर होता. ताडकन उठला, तिच्याकडे पाठ फिरवली, चाचपडत कपाटापाशी गेला आणि वर नाक करून उभा राहिला.

 टाचणीताई पुन्हा हाक मारणार होती, पण तिने ओठ मिटले. गुडघ्यांवर त्याच्यापर्यंत गेली आणि कापडावर खुणा करायच्या खडूचा वास येणारा तळवा त्याच्या नाकापुढे धरला. त्याने बोटं हुंगली, मनगट हुंगलं, कोपरापर्यंत तिची सगळी उलटतपासणी घेतली. मग डोक्याचा सगळा भार तिच्या मांडीवर टाकला.