येळवशीची झोप

येळवशीला, मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, भरल्या पोटी माणूस जिथं बसला तिथंच आडवा होतो. मंठाळच्या शिवारात त्या दुपारी कुणी तुरीच्या सावलीला निजलं होतं, कुणी बैलगाडीखाली, एक पाहुणा तर उभ्या मोटारसायकलच्या आडोशाला तोंडावर रुमाल टाकून. सकाळी कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले, काळ्या आईला निवद दाखवला, पिकात आंबील शिंपडली. आणि मग बसलेल्या पंगती ऊन कलेपर्यंत उठल्याच नाहीत.

सोमशेखर दोन शेजाऱ्यांच्या रानात जेवून आला होता. बांधावरून कुणी ‘या’ म्हटलं तर येळवशीला नाही म्हणत नाहीत. आपल्या कोपीपाशी येऊन त्यानं पुन्हा ताट पुढं ओढलं, तेव्हा शैलश्रीनं शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीची पळी मागं घेतली.

“बस करा की आता. बीपीच्या गोळ्या चालू हायत तुमच्या.”

“आज गोळ्या न्हाईत, आज उंडे,” तो हसला. “वाढ. न्हाईतर काळी आई म्हणंल, शैलश्रीनं नवऱ्याला उपाशी ठिवलं.”

तिनं वाढलं. त्यानं भज्जीत बाजरीचा उंडा कुस्करला, वर गव्हाची खीर खाल्ली आणि लोटाभर आंबील घशाखाली सोडली. मग ताटावर बसल्या बसल्याच त्याच्या पापण्या मिटायला लागल्या.

“लई जड आलंय गं. जरा पडतो.”

टॉवेलची उशी करून तो बाभळीखाली आडवा झाला.

शैलश्रीच्या हातातली पळी तशीच राहिली. साऱ्या रानात त्याला हीच बाभळ दिसली.

याच बाभळीखाली, असाच जेवून, त्याचा बाप बसवंतप्पा निजला होता. तेव्हा ती या घरात यायची होती. पण ऐकून ऐकून ती दुपार तिला पाठ झाली होती. सगळं शिवार झोपलेलं. झोपलेल्यांत एक माणूस गेलेला कुणाला कळणार? सासू दानम्मा नवऱ्याच्या उशाशी बसून पदरानं माशा वारत होती. पोरं दंगा करायला लागली की म्हणायची, “हळू रे, झोपू द्या त्येनला, दमल्यात.” दिवस बुडाला, बैल जुंपले, तरी तो उठेना. कुणी म्हणालं, जेवू घातलेल्या काळ्या आईनं एक घास वरचा मागून घेतला. बसवंतप्पाचं तेव्हाचं वय आज सोमशेखरचं होतं. घरात हे कुणी बोललं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

दानम्मा आज लेकाकडं पाठ करून बसली होती. पुढ्यातल्या सुपात तुरीच्या शेंगा. सोलत होती, पण दाणे टरफलात पडत होते आणि टरफलं दाण्यांत.

“शैले.”

“काय अव्वा?”

“बघ गं, पोट हालायलंय का त्येचं?”

शैलश्रीनं पाहिलं. सदऱ्याखाली पोट वर येत होतं, खाली जात होतं. “हालायलंय.”

वारा आला. जोंधळा सळसळला, थांबला.

“आता?”

“हालायलंय, अव्वा. तुम्हीच वळून बघा की एकदा.”

“माझ्या डोळ्याचा मला भरवसा न्हाई, पोरी. त्या दिशी मीच बघत बसले होते की.”

शैलश्री नवऱ्याच्या जवळ सरकून बसली. एक माशी आली, त्याच्या ओठावर टेकली. तिनं पदर उचलला आणि तसाच खाली टाकला. वारायचं धाडस होईना. बसू दे माशी. माशी बसली की जिता माणूस ओठ हलवतो.

त्यानं ओठ हलवला नाही.

तिनं पोटाकडं पाहिलं. सदरा जिथल्या तिथं. जोंधळाही हलत नव्हता.

“शैले, आता?”

तिनं त्याच्या नाकाशी बोट धरलं.

“शैले! कामून बोलंनास?”

“अवो!” तिनं दोन्ही हातांनी त्याचे खांदे गदागदा हलवले. “अवो, उठा!”

सोमशेखरनं लगेच डोळे उघडले. झोपलेला माणूस इतक्या लगेच उघडत नाही. डोळे लाल होते, पण त्यांत झोप नव्हती.

“काय झालं?”

“श्वास कुठं गेला होता तुमचा?” ती रडत, ओरडत त्याच्या छातीवर बुक्की मारून म्हणाली.

“धरला होता.” तो खजील होऊन उठायला लागला. “छातीचा ठोका नीट ऐकू येईना म्हून. झोपलोच न्हाई मी. लई झोप यायलीय गं, आंग शिशावानी झालंय, पण डोळा लागाय लागला की अप्पाच दिसायलेत.”

“मग हितंच कामून पडलात?”

“दुसरीकडं पडलो असतो तर अव्वाला वाटलं असतं, मी भ्यायलो.”

तेव्हा दानम्मा वळली. सुपातल्या शेंगा सांडल्या, तिनं पाहिलंही नाही. गुडघ्यावर सरकत ती बाभळीखाली आली, लेकाचं डोकं धरून मांडीवर घेतलं आणि त्याच्या भरल्या पोटावर हात ठेवला; दूध पाजून निजवलेल्या पोराच्या पोटावर ठेवावा तसा.

“भ्यायलास तर भ्यायलास. नीज आता. मी हाय, शैली हाय.”

“उठवशील न्हवं?”

“उठवते की रं.”

आणि ती हलक्या, फाटक्या आवाजात म्हणायला लागली,

नीज माझ्या बाळा, जोंधळा राखणीला
काळ्या आईला सांगते, नको हात लावू याला

दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्याला झोप लागली. मग तो घोरायला लागला. मोठ्यानं, सगळ्या रानाला ऐकू जाईल असा. रोज रात्री त्या घोरण्यानं वैतागणारी शैलश्री आज कान देऊन ऐकत राहिली. पदरानं माशा वारीत राहिली.

मध्येच घोरणं तुटलं, तशी दानम्माची ओवीही.

तिचा पदर हवेतच थांबला. दानम्माचा हात पोटावर घट्ट झाला. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, आणि दोघींनीही श्वास धरला.

घोरणं पुन्हा सुरू झालं. दानम्मानं ओवी जिथं तुटली होती तिथून उचलली.